पिळाचं बिट

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या बाईंना पाठीमागे सगळे फौजदारीणबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर तबेला त्यांनी एकटीनं चालवला, भलेभले अडेल घोडे सुतासारखे सरळ केले. घोड्यांशी आणि माणसांशी वेगळ्या भाषेत बोलायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. घोड्याच्या वाट्याला दोन शब्द बरे येत, इतकंच. उतारवयात संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली. चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागे, आणि कुणी मदतीला हात पुढं केला की बाई खेकसत, "मला काय लुळी समजलीस?"

मुलगा तबेल्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. सून मात्र घोडेवेडी निघाली. एरवी सासवांना नको त्या वेडाच्या सुना मिळतात. बाईंना हव्या त्या वेडाची मिळाली आणि तेच त्यांना खुपत राहिलं.

त्यातच रेसमधून काढलेला एक थरोब्रेड जातीचा घोडा तबेल्यात आला. तांबूस, उंचापुरा, मानेत नुसती ताकद. पाठीवर कुणी बसलं की गडी मान ताणून जो सुटायचा, तो मैदानाचा कठडा आडवा आल्यावरच थांबायचा. पहिल्याच दिवशी तबेल्यातला जुना मास्तर त्याच्यावरून उतरला तो दंड चोळतच.

"याला कडक बिट घाला," बाईंनी फर्मान काढलं. बिट म्हणजे लगामाची, घोड्याच्या तोंडात बसणारी लोखंडी कांडी. तिच्यावरच सगळा कारभार.

"आई, रेसचा घोडा आहे हो," सून म्हणाली. "लगाम ताणला की जोरात पळ, एवढंच त्याला शिकवलंय. आपण ओढू तसा तो जास्त ओढणार."

"मग काय पाया पडायचं त्याच्या?"

"आधी तोंड बघू की त्याचं."

सुनेनं घोड्याचा जबडा उघडून नीट पाहिलं. जीभ जाड, टाळू बसका. मधोमध एकच सांधा असलेलं बिट ओढलं की टाळूला टोचत होतं. जाडजूड, मऊ रबरी बिट घातलं, तर तोंडात जागाच उरेना; घोडा जबडा उघडून चघळत बसला. शेवटी दोन सांध्यांचं, मधे गुळगुळीत चपटा तुकडा असलेलं एक बिट तिनं निवडलं. ते जिभेवर अलगद बसलं. मग रोज सकाळी ती लगाम धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. घोड्याला जोर लावून टेकायला लगामात ताणच सापडेना, तसा तो ओढायचा थांबला. पावसाळा सरेपर्यंत मैदानात असा डौलात फिरू लागला, की रस्त्यावरची माणसं कठड्याशी येऊन उभी राहत.

बाई खुर्चीत बसून हे सगळं पाहत होत्या. एकदा त्यांच्याच जुन्या शिष्येनं, त्यांच्याच शेजारी उभं राहून म्हटलं, "लगामावर सूनबाईंचे हात काय सुंदर आहेत हो! असे हात मी कुणाचेच पाहिले नाहीत."

बाईंनी आपले हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सून यायच्या आत त्यांनी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराकडून जुनी पेटी उघडवली. आतून काढलं पीळ घातलेल्या बारीक तारेचं बिट, हनुवटीखाली आवळायच्या साखळीसकट.

"हे घालू?" मोतद्दार चाचरला.

"तुझ्या तोंडात नाही घालायला सांगितलं."

सून आली तेव्हा बाई स्वतः घोड्यावर होत्या. बोटं मिटत नव्हती म्हणून लगाम त्यांनी मनगटांना गुंडाळला होता. घोडा सवयीनं एकदा पुढं झेपावला. बाई सगळं वजन टाकून मागं रेलल्या. तार आत रुतली. घोडा विव्हळला, मागच्या पायांवर बसल्यासारखा झाला, आणि थरथरत उभा राहिला. मग त्यांनी त्याला फिरवलं, एक फेरी, आणखी एक फेरी. हनुवटी छातीत खुपसून, पाऊल मोजून टाकत तो चालला. तोंडाच्या कडेनं तांबडा फेस गळत होता.

"बघ," बाई म्हणाल्या. "तू सबंध पावसाळा घालवलास. मला सकाळ पुरली."

बाई उतरल्यावर सुनेनं बिट काढलं. जिभेला खोल चीर पडली होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या बोटांना काही धरता येत नाही, म्हणून तुम्ही त्याचं तोंड फोडलंत. तुमचे हात मेलेत, आई. घोड्यांना कधीच कळलंय ते."

बाई पाठ फिरवून घरात गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

जीभ भरून आल्यावर सुनेनं पुन्हा आपलं बिट घातलं. लगामाला नुसता हात लागताच घोडा मागं सरकू लागला, सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटला आणि घामानं निथळला. तिनं खूप दिवस प्रयत्न केला. मग एक दिवस खोगीर उतरवून ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "आपण इथून जायचं."

सामान बांधून झाल्यावर मुलगा आईसमोर उभा राहिला. "मी लहानपणी पडलो होतो. मनगट मोडलं होतं. तसंच तू मला परत वर बसवलंस."

"मग? पडलास का पुन्हा कधी?"

"त्यानंतर बसलोच कुठे, आई?"

"तेच म्हणते मी. तुझ्यात दमच नव्हता."

ती दोघं गेली. सुनेच्या मागोमाग शिकायला येणाऱ्या मुलीही एकेक करून पांगल्या. मास्तरानं दुसरा तबेला धरला. बाकीचे घोडे बाईंनी देऊन टाकले. तांबूस तेवढा ठेवला. मोतद्दार त्यांना दोन्ही काखांत धरून वर चढवी आणि त्या रोज रिकाम्या मैदानात त्याला फिरवत. घोडा ओढत नसे, बुजत नसे, कान हलवत नसे. माशी डोळ्यावर बसली तरी मान झटकत नसे.

कधी कुणी वाटसरू कठड्याशी थांबून म्हणे, "किती शांत आहे हो घोडा!"

बाईंचा चेहरा उजळे. "आला तेव्हा असा नव्हता," त्या सांगत. "मी घडवलाय."