पानाची हाक

बेटावरच्या कान्लाओन डोंगराच्या पायथ्याशी तेरोयसारखं पान कुणालाच वाजवता येत नसे. दोन अंगठ्यांत कोवळं पान धरून त्याने फुंकलं, की हुबेहूब पाडसाचं रडणं निघे. रानातली हरिणी धावत येई आणि बंदुकीसमोर उभी राही.

शिकार त्याने कधीच सोडली होती. आता तो प्राणिसंग्रहालयात ठिपक्यांच्या हरणांची राखण करी. शेळीहून जरा उंच अशी ती हरणं, बेटावर मूठभरच उरलेली. आईने टाकलेल्या लाना नावाच्या पाडसाला त्याने बाटलीने वाढवलं आणि चारा घालताना सवयीने तेच पान वाजवलं. त्याच्या ओठांना दुसरी हाक ठाऊक नव्हती.

रानात सोडायच्या हरणांत लानाचं नाव आलं आणि तो थेट प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. रानात पान वाजवणारे अजून होते.

"तिला पानाची दहशत बसवतो, डॉक्टर. मगच न्या."

"जमेल ना, नोंग?" डॉक्टरीणबाई त्याला थोरल्या भावाच्या मानाने हाक मारत. "गाडी लवकरच येतेय."

"माझं मी बघतो."

रोज तो पान वाजवी, लाना येई आणि तो दगड मारी. पहिल्यांदा ती हललीच नाही, त्याच्या हाताचा वास घेत राहिली. मग तिची पाठ फुटली, मग मान. अखेर तो दारात दिसला तरी ती कुंपणाला धडका देत पळू लागली.

"शिकली," तो घरी येऊन म्हणाला.

बायको मासिंग रताळी सोलत होती. "पानाला भ्यायला शिकली, का तुला?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"चल, मी वाजवते. तू लप."

"तुला कुठं येतं?"

"जन्मभर कानाशी दुसरं काय वाजलं माझ्या?"

तेरोय बांबूंच्या आड दबून बसला. मासिंगचं पान बेसूर वाजलं, मांजर ओरडावं तसं. तरी लाना आली. कान पुढं, जखमा ओल्या, थेट मासिंगच्या हातापाशी.

तो उठला. त्याला बघताच ती उधळली.

गाडी आली, बाकीची हरणं गेली.

"लाना राहू द्या," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "पान वाजवलं की ती अजून येते."

"मग तुमच्यापाशीच बरी आहे, नोंग."

तेव्हापासून लानाचा पाला तोच कापतो, पण कुंपणापाशी मासिंग नेते.