साहेबांचे दोन भोवरे

साहेब म्हणजे काही खरेखुरे साहेब नव्हेत. मोजणी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. पण संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसणारी मंडळी त्यांना साहेब म्हणत, आणि ते आपले मनावर घेत.

सरकारने राज्यात विभागाविभागांत सामुदायिक महाविद्यालयं काढली, तेव्हा साहेबांच्या एकुलत्या एका मुलाने बी.कॉम. अर्धवट सोडून तिथे नाव घातलं. जिथे ज्याची गरज, तिथे तो अभ्यासक्रम. किनाऱ्याकडे बोटींची इंजिनं, डोंगराकडे दुधाचे पदार्थ, आणि साहेबांच्या शहराच्या वाट्याला आलं केस कापणं. आपण किनाऱ्याला राहत असतो तर निदान इंजिन तरी पदरात पडलं असतं, असं साहेबांना फार वाटे. मुलगा मात्र खुशीत होता. पहिल्याच आठवड्यात त्याने नवी कात्री घरी आणून दाखवली, तर साहेब उठून गॅलरीत गेले.

बाकावर कुणी विचारलं की ते म्हणत, "कॉलेजला आहे." सामुदायिक हा शब्द ते आवंढ्याबरोबर गिळून टाकत. पुढे एकदा विषय निघाला तेव्हा 'मॅनेजमेंट' हा शब्दही त्यांच्या तोंडून निसटला. निसटला कसला, त्यांनीच सोडला.

बाकावरच्या मंडळींत एक निवृत्त बस कंडक्टर होते. माणूस निवृत्त झाला होता, जीभ अजून ड्यूटीवर होती. एका बुधवारी ते म्हणाले, "साहेब, तुमच्या चिरंजीवांच्या कॉलेजात दर बुधवारी फुकट केस कापून देतात म्हणे. पोरांचा हात बसायला डोकी लागतात. आपली रिकामीच आहेत. चला."

"ते कॉलेज वेगळं असेल," साहेब म्हणाले.

"असू दे की. तुमचे केस तर कानावर आलेत ना? उठा, उठा, पुढे सरका."

नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर फजिती. साहेब निघाले. वाटभर ते एकच घोकत होते, की इतक्या पोरांत नेमकं आपलंच पोरगं कशाला वाट्याला येईल?

वर्गात लांबलचक आरसा होता आणि त्याच्यासमोर ओळीने खुर्च्या. शिकवणाऱ्या बाईंनी साहेबांना खिडकीजवळची खुर्ची दाखवली. तिच्यामागे पांढरा अॅप्रन घालून त्यांचा मुलगा उभा होता.

मुलाने बापाकडे पाहिलं. मग बापामागच्या कंडक्टरांकडे पाहिलं. मग खुर्चीवरचे केस झटकून तो म्हणाला, "या काका, बसा."

साहेबांना हायसं वाटलं. काय वाटायला हवं होतं ते देव जाणे, पण आधी हायसं वाटलं, आणि हे त्यांनी स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

"जपून रे बाळा," शेजारच्या खुर्चीत बसत कंडक्टर म्हणाले. "आमच्या साहेबांचा मुलगा तुमच्याच कॉलेजात मॅनेजमेंटला आहे."

मुलाची कात्री थांबली. हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. "हो का," तो म्हणाला. "काका, मान खाली घाला."

साहेबांनी ती जरुरीपेक्षा जास्तच खाली घातली.

साहेबांच्या डोक्यावर दोन भोवरे होते. कुणीही कापले तरी तिथले केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहायचे. पोराने काही न विचारता ते थोडे लांब ठेवले आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असे बसवून टाकले.

"हे कसं जमलं रे?" कंडक्टरांनी विचारलं.

"मलाही दोन आहेत," मुलगा बोलून गेला आणि घाईने कंगवा पुसू लागला.

कंडक्टरांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या. "अगदी तस्सेच हो, साहेब."

"असतात पुष्कळांना," साहेब म्हणाले.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "आज केस कधी नव्हे ते बसलेत तुमचे. कुठे कापले?"

साहेब ताटात बघत राहिले. मुलगाच म्हणाला, "चांगले कापलेत. बाबा, भाजी घ्या."

चारचौघांत काका आणि घरात बाबा. पोराने चार शब्द सुनावले असते तर साहेबांना उलट दहा सुनावून मोकळं होता आलं असतं. त्याने भाजी तेवढी पुढे सरकवली. कात्री मात्र त्याने पुन्हा घरात कुणाला दाखवली नाही. नोकरीत कुणी बोट दाखवावं असं वागलो नाही, याची त्यांना ऐट होती. ती त्यांच्यापुरती संपली.

केस पुन्हा कानावर आले, तेव्हा एका बुधवारी साहेबच बाकावरून उठले आणि कंडक्टरांना म्हणाले, "चला, कापून येऊ." आज सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्गाच्या दारातून ते कंडक्टरांच्या आधी आत शिरले. मुलाने त्यांना पाहिलं, खुर्ची पुसली आणि सवयीचं असल्यासारखं म्हणाला, "या काका."

"काका नाही," साहेब म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मी बाप आहे याचा. मॅनेजमेंट वगैरे काही नाही. हा इथेच शिकतो."

बाई वळून बघायला लागल्या. शेजारच्या खुर्चीतून कंडक्टर हळूच म्हणाले, "माहीत आहे, साहेब. त्याच दिवशी कळलं. तुम्ही सांगाल म्हणून आम्ही सगळेच थांबलो होतो."

म्हणजे आजवर बाकावर सगळे आपल्याला सांभाळून घेत होते. पोरगा घेत होता तसंच. कान तापले. साहेब खुर्चीत बसले आणि कुणी न सांगताच त्यांची मान खाली गेली. मानेवरून कात्री फिरू लागली, सावकाश.

मग ती थांबली.

"मागचं झालं, बाबा," मुलगा म्हणाला. "आता मान वर करा."

साहेबांना ती लगेच वर करता येईना.