सुभेदारांची हजेरी

हजेरी घेताना स्वतःचंच नाव खणखणीत पुकारणारा आणि स्वतःच 'हजर' म्हणून उत्तर देणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे सुभेदार. मालवणच्या किनाऱ्यावरच्या सरकारी जेटीवर सकाळी आठला ते आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करायचे. झाडलोट करणाऱ्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचे.

जेटीवरचा पहारा, तिकीट खिडकी आणि साफसफाई एका ठेकेदाराकडे होती. मी त्याची कारकून. सरकारी ठेका हवा तर माजी सैनिक आणि दिव्यांग कामगार घ्यायलाच हवेत, अशी अट होती. वालावलचे सुभेदार दोन्हींत बसत, कारण त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली सीमेवरच राहिला होता. ठेकेदार त्यांना म्हणाला, तुम्ही घरी आराम करा, हजेरीची वही सहीला घरी पाठवतो. सुभेदार म्हणाले, "पाय गेलो. मी खंय गेलंय?" दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते कामावर आले.

माणूस तसा भारी हेकट. चहा गार चालेल, बूट मळलेला चालायचा नाही. त्यातही कृत्रिम पायाचा बूट ते जास्त घासायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "ह्यो पाय कधी दुखणा नाय. कामचुकार आसा. तेका शिस्त होयी."

वहीत आणखी एक नाव होतं, हसीना. बंदरावरच्या मोहल्ल्यातली, लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत असलेली मुलगी. तिची नेमणूक तिकीट खिडकीवर. पण खिडकीला तीन पायऱ्या, म्हणून ठेकेदाराने थोडेफार पैसे देऊन तिला घरीच बसवलं होतं. तिच्या नावापुढे रोज हजेरीचा 'ह' मी लिहायचे. सुभेदार ते नाव पुकारायचे आणि फाटकाकडे बघत थांबायचे. पूर्ण एक मिनिट. मग माझ्याकडे वळून, "गो बाय, नाव वहीत आसा, मगे चेडू खंय आसा?" मुलगी कुठे आहे ते मला ठाऊक होतं; जमिनीत गडप व्हावंसं वाटे. तरी 'ह' लिहीतच राहिले, नोकरीची भीती होती.

तपासणीला अधिकारी येणार म्हणून ठेकेदाराने एका दिवसापुरतं हसीनाला रिक्षातून आणवलं. चौघांनी खुर्ची उचलून वर ठेवली. त्या दिवशी नाव पुकारल्यावर तिने इतक्या जोरात 'हजर' म्हटलं की सुभेदारांचे डोळे भरून आले. ती हळूच त्यांना म्हणाली, "माका उद्या पण येवचा आसा."

अधिकारी आल्यावर सुभेदारांनी सलाम ठोकला आणि कचेरीच्या मराठीत सांगितलं, "साहेब, आज तुम्ही आलात म्हणून ही आली. उद्या यायची तर या पायऱ्यांना उतार हवा."

ठेकेदाराचा चेहरा पडला. महिन्याभरात उतार झाला आणि हसीना रोज येऊ लागली. पुढच्या ठेक्यात मात्र सुभेदारांच्या जागी दुसरा माजी सैनिक आला. ते निघाले तेव्हा मी त्यांची माफी मागितली, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चेडू हजर आसा. माझा काम झाला."

गेल्या वर्षी वालावलला ते वारले. आता हजेरी हसीना घेते. शेवटी, वहीत नसलेलं त्यांचं नाव पुकारते आणि फाटकाकडे बघत थांबते. दर वेळी वाटतं, आपणच 'हजर' म्हणावं. पण खोटी हजेरी त्यांना चालायची नाही.