हार खाली घे

कोणाचीही गाडी असो, तिच्यासमोर कोणी मोबाइल धरला की नानांचा हात आपोआप नंबराच्या पाटीवर जायचा. गाडी ओळखीची असायला हवी असंही नाही. एकदा रस्त्यापलीकडे एक नवरा-बायको नव्या गाडीला टेकून फोटो काढत होते. हा माणूस भर गर्दीतून वाट काढत गेला आणि पाटीसमोर उकिडवा बसला. नवरा म्हणाला, "काका, बाजूला व्हा ना, फोटोत येताय." नाना म्हणाले, "मी आलो तर चालतंय. नंबर नको येऊ दे." बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी दुकानात बसून हसत होते.

चारकोपच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. त्याला लागून जिन्याखाली चार हात जागा आहे, तिथे नाना गाड्यांच्या पाट्या रंगवत. मूळ कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा नानांनी ब्रश हातात घेतला आणि नंतर चाळीस वर्षं तो खाली ठेवला नाही. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन गावाकडेच. माझ्या दुकानातल्या कागदांना त्यांच्या टर्पेंटाइनचा वास लागायचा. गिऱ्हाईक तक्रार करायचं आणि मी नानांशी भांडायचे. ते म्हणायचे, "फुकटचं अत्तर आसा गो, घे."

बाजारात त्यांना आरटीओ म्हणत, कारण गाडीचं आरसी बुक पाहिल्याशिवाय ते ब्रश बुडवत नसत. झेरॉक्स चालत नसे. माझ्याच दुकानातून काढलेली झेरॉक्स लोक घेऊन जात आणि नाना ती माझ्यादेखत परत करत. "हे झालं तिच्या पोटापाण्याचं. आता खरं बुक दाखव." नगरसेवकाचा माणूस आला तरी हेच. तो म्हणाला, "ओळखत नाही काय मला?" नाना म्हणाले, "तुला ओळखतो रे. तुझ्या गाडीला ओळखत नाही."

याला कारण होतं, आणि ते त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. धंद्याच्या सुरुवातीला एक माणूस सिगारेटच्या पाकिटावर नंबर लिहून घेऊन आला. पाटी फुटली, बहिणीच्या लग्नाला जायचंय, बुक घरी राहिलंय म्हणाला. नानांनी रंगवून दिली. तो नंबर मालाडच्या एका रिक्षावाल्याचा निघाला. खोट्या पाटीच्या रिक्षाने एका माणसाला उडवलं, आणि खरा रिक्षावाला दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. नाना त्याच्या घरी जाऊन पाया पडून आले. त्याने पाय मागे घेतले म्हणे. "तेव्हापासून माका कळलां," नाना म्हणाले, "नंबर चोरायला गाडी चोरावी लागत नाही. नुसता बघितला तरी पुरतो."

मोबाइल आले आणि नानांची झोप उडाली. पूर्वी नंबर पाहायला माणसाला गाडीपर्यंत यावं लागे, आता गाडीच जगाच्या घरी जाऊ लागली. म्हणून त्यांनी जुन्या पुठ्ठ्याच्या पाटीएवढ्या पट्ट्या कापल्या आणि त्यांवर सुरेख अक्षरांत "विकणे आहे", "शुभ दसरा", "नवीन पाहुणी" असं रंगवून ठेवलं. कोणाला गाडी इंटरनेटवर विकायला टाकायची असली की ते पट्टी द्यायचे. ती पाटीवर बांधायची, फोटो काढायचा आणि पट्टी परत आणून द्यायची. फुकट. पण परत दिली नाही तर त्या माणसाची धडगत नसे; चार दुकानं सोडून हाका मारायचे. आमची जुनी गाडी विकताना मी म्हटलं, "नाना, मोबाइलवर नंबर पुसता येतो की." म्हणाले, "तू पुसशील. आठवणीने पुसशील याची खात्री कोण देणार?" मी रागावले होते. आता तेच वाक्य मला घास गिळू देत नाही.

दसऱ्याला मात्र पट्टीही नको असे. बाजारातल्या सगळ्या गाड्या धुऊन रांगेने उभ्या राहत, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढे झेंडूचा हार. पूजा झाली की सगळ्यांचे मोबाइल बाहेर येत, आणि नाना रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत जात, "हार खाली घे! हार खाली घे रे!" हार एवढा खाली यायला हवा की पाटी पूर्ण झाकली जावी. आमच्या बाजारात दसऱ्याचे हार इतर ठिकाणांपेक्षा वीतभर लांब असतात. फुलवालीलाही सवय झाली होती.

मग सरकारी पाट्या आल्या, मशीनवर ठोकलेल्या, चकचकीत शिक्का असलेल्या. नानांच्या धंद्याची वाट लागली. त्यांनी कुरकुर केली नाही. "बरां झालां," म्हणाले, "ह्यांची नक्कल करायला त्रास पडेल." पण स्वतःच्या करड्या स्कूटरला मात्र ते नवी पाटी लावेनात. मुदत वाढत होती तोवर ते ढकलत राहिले. ती पाटी त्यांच्या हातची होती, आणि त्यांच्या हातची बाजारात उरलेली बहुधा शेवटची. तिच्यातला चार वरून उघडा, आणि सातच्या कमरेला एक बारीक आडवी रेघ. "एक आणि सात लांबून सारखे दिसतात," ते सांगत. "रेघ असली की कोणावर नाहक आळ येत नाही."

त्या दसऱ्याला मी हार वर सरकवला.

वाईट हेतू नव्हता. मला वाटलं, या माणसाची चाळीस वर्षं उद्या भंगारात जाणार, एक आठवण तरी राहू दे. नाना स्कूटरशेजारी उभे होते, नवा शर्ट, आणि कधी नव्हे ते हसत होते. मी हार वर ओढला, पाटी मोकळी केली, फोटो काढला आणि इंटरनेटवर चारकोपच्या खुल्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या नानांचा हात!" शेकडो लोकांनी वाहवा केली. मी एकेकाची शाबासकी नानांना वाचून दाखवली. फोटोत नंबर दिसतोय की नाही ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हाच मला आश्चर्य वाटायला हवं होतं.

दोनेक महिन्यांनी नाना मोबाइल घेऊन दुकानात आले. "बघ गो, काय आलंय." हेल्मेट नसल्याचं चलान होतं, घाटकोपरचं. दुसरं मुलुंडचं.

"घाटकोपरला कधी गेला होतात?"

"दहा वर्षं झाली असतील." ते स्टुलावर बसले. "सुलभा, माझा नंबर लावून कोणीतरी फिरतोय."

मी म्हटलं, कॉम्प्युटरची चूक असेल. पण त्यांना रिक्षावाला आठवत होता. त्यांना त्याच दिवशी तक्रार नोंदवायची होती. चौकीत म्हणाले, ऑनलाइन करा. म्हणून मी त्यांना समोर बसवून फॉर्म भरू लागले. शेवटी गाडीचा फोटो मागितला होता. मी मोबाइलमधले फोटो चाळले आणि दसऱ्याचा तो फोटो उघडला.

नंबर असा स्वच्छ दिसत होता की आंधळ्यानेही वाचावा. हा फोटो तक्रारीला जोडला तर पहिला प्रश्न येणार, हा जगापुढे टाकला कोणी? मी विचार केला नाही, घाबरले आणि फोटो काढून टाकला. ग्रुपवरून काढला, मोबाइलमधून काढला, मोबाइलच्या कचऱ्यातूनही काढला. नाना समोर बसले होते. "काय झालां?" त्यांनी विचारलं.

"साइट बंद आहे, नाना. उद्या करू."

"बरं," म्हणाले आणि उठले.

तक्रार उद्याही झाली नाही, परवाही झाली नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. बोरिवलीत करड्या स्कूटरवरच्या दोघांनी एका म्हातारीचं मंगळसूत्र खेचलं होतं. ती पडली आणि डोक्याला मार लागून गेली. कॅमेऱ्यात नंबर आला होता, नानांचा.

वयाकडे बघून स्कूटरवर नाना नव्हते हे त्यांनाही कळत होतं. पण एकच नंबर दोन स्कूटरवर, आणि खऱ्या नंबराचा मालक पाट्या रंगवणारा! त्यांना आणखी काय हवं होतं? त्यांना दुसरी पाटी नानांनीच रंगवून विकली असं वाटत होतं. मी नानांबरोबर गेले. एका साहेबाने कॅमेऱ्यातला मोठा करून छापलेला फोटो टेबलावर ठेवला.

"काका, अक्षर तुमचंच ना?"

नानांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "चार माझ्यासारखा काढलाय. पण सात माझा नाही. माझ्या साताला कमरेत रेघ असते. ह्याला नाही."

"मुद्दाम गाळली असेल."

"मी रेघ गाळत नाही, साहेब."

"असं? मग लिहून दाखवा."

पुठ्ठे आणले, काळा रंग आणला. नानांना बाकावर बसवून त्यांच्याच स्कूटरचा नंबर त्यांच्याकडून लिहून घेतला. एकदा नाही, पंधरा वेळा. मी मोजत होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेवटच्या पुठ्ठ्यांवर अक्षरं वाकडी होऊ लागली. पण पंधराही सातांच्या कमरेला रेघ होती. साहेब हसून म्हणाला, "आता तर घालणारच."

मला तिथेच बाकावर बसल्या बसल्या कळलं रेघ कुठे गेली ते. मी हार वर सरकवला तेव्हा झेंडूचं एक बारीक फूल खाली लोंबत राहिलं होतं, बरोबर सातच्या कमरेवर. चोरांनी पाटी पाहिली ती माझ्या फोटोत. फुलामागची रेघ त्यांना दिसलीच नाही. नाना निर्दोष असल्याचा पुरावा म्हणजे तो फोटो होता, आणि तो मी पुसून टाकला होता. मी तोंड उघडलं नाही. मुलगी दहावीला, नवरा चिडका, चौकीत माझं नाव. किती कारणं होती माझ्याकडे! सगळी खरी, आणि सगळी भिकार.

नऊ दिवस पोलीस नानांना बोलवत राहिले. बाजार बोलू लागला. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं बुकासाठी परत पाठवलं होतं तेच म्हणू लागले, "आम्हाला नियम शिकवायचा आणि आतून हे!" फुलवालीने त्यांना नमस्कार करणं सोडलं. दहाव्या दिवशी मी जिन्याखाली गेले आणि सगळं सांगून टाकलं. रडत सांगितलं, हे मुद्दाम लिहिते, कारण रडण्याने मला तेव्हा बरं वाटलं होतं आणि त्याची आता लाज वाटते.

नाना ब्रश कापडात गुंडाळून ठेवत होते. "माका म्हायत होता," ते म्हणाले. "तू फोटो पुसलास तेव्हा मी समोरच होतो ना? चष्मा जुना आहे माझा, डोळे नाहीत."

"मग चौकीत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्या बाकावर तुला बसवलं असतं." मग कापडाला गाठ मारत म्हणाले, "आणि चूक तुझी एकटीची नाही. हार वर केलास तो मी बघितला होता. जन्मभर लोकांचे नंबर झाकले. वाटलं, एकदा आपला हात लोकांनी बघावा. म्हणून ओरडलो नाही."

आम्ही दोघं चौकीत गेलो. मी सांगितलं. साहेबाने हात पुढे केला, "फोटो दाखवा."

"काढून टाकला."

"म्हणजे नाहीच," तो म्हणाला आणि दुसऱ्या माणसाकडे वळला.

पुढे दोन पोरं कुठल्याशा दुसऱ्या गुन्ह्यात सापडली. त्यांच्या खोलीत अशाच नंबरांच्या पाट्या मिळाल्या, सगळ्या इंटरनेटवरचे फोटो पाहून केलेल्या. हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. नानांना कोणी काही कळवलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. तुम्ही निर्दोष आहात असा कागद कोणी देत नाही. असता तर मी तो लॅमिनेट करून बाजाराच्या तोंडाशी लावला असता. नानांनी मात्र त्या पंधरा पुठ्ठ्यांनंतर ब्रश पुन्हा रंगात बुडवला नाही.

ते मुलीकडे गावी जायचं ठरवून मोकळे झाले. स्कूटर विकायची होती, फोटो काढायला मलाच बोलावलं. मी "विकणे आहे"ची पट्टी शोधू लागले. ती कोणीतरी नेली होती आणि परत दिली नव्हती. या वेळी नानांनी कोणाला हाका मारल्या नाहीत. ते गुडघ्यावर हात टेकत उकिडवे बसले आणि तळवा पाटीवर ठेवला. नखांच्या कडांना काळा रंग अजून होता.

"नाना, चेहऱ्याचाही एक काढते."

"नको गो. त्याचीपण डुप्लिकेट काढतील," ते म्हणाले. ते हसले, मला हसता आलं नाही.

श्रावणात त्यांच्या मुलीचा फोन आला. नाना झोपेतच गेले. ती बराच वेळ बोलत होती आणि शेवटी म्हणाली, "ताई, भिंतीवर लावायला बाबांचा एक फोटो पाठवशील? आमच्याकडे एकही नाही. ते कधी काढूच देत नसत. पण दसऱ्याला तू एक काढलास म्हणाले होते, हसतानाचा. चांगला आलाय म्हणाले होते."

मी मोबाइलमधले फोटो चाळले. मग होता तो एकच फोटो, स्कूटर विकताना काढलेला, तिला पाठवला. थोड्या वेळाने तिचा निरोप आला, "हात बाबांचाच आहे. पण चेहऱ्याचा नाही का गं?"

मी लिहिलं, "नाही."