आठ पिल्लं आणि एक डालं

समजा, बदकाची आठ पिल्लं तुमच्या पुढ्यात आहेत. कालच अंड्यातून निघालेली. ज्या कोंबडीने ती उबवली, तिनेच आज टोचा मारून त्यांना हाकललं आहे. आता ऊब तुम्हालाच द्यायची आहे. जमिनीवर वाळल्या गवताचा जाड थर पसरा. मधोमध विटेवर कंदील ठेवा, त्याभोवती जाळीचा तुकडा उभा करा आणि वरून बांबूचं मोठं डालं पालथं घाला. पिल्लं जाळीला चिकटून एकमेकांवर चढली तर त्यांना गारठा लागतोय. डाल्याच्या कडेला सरकली तर उकडतंय. सैल पसरून बसली की जमलं. पाणी बशीत द्या आणि बशीत खडे टाका, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही.

"बदकाला पान्याचं भ्याव?" बोरीच्या भागुबाईंनी मला विचारलं. "सायेब, तुमी बदकं आनली का मांजरं?"

त्यांची सून कासाबाई हसली नाही. ती ज्वारीच्या कण्या भिजवत होती.

१९५८ चा जानेवारी होता. मी विकास गटात पशुपालनाचं काम करत होतो आणि ही अंडी मीच दिली होती. आदल्या पावसाळ्यात या घरातली सगळी मेंढरं रोगाने गेली. कासाबाईचा नवरा येडबा दुसऱ्याची मेंढरं वळायला वऱ्हाडात निघून गेला. तेव्हापासून ती रडली नव्हती. सांगितलं तर जेवायची, नाहीतर तशीच बसून राहायची.

"धनगराच्या घरात बदकं, गाव हसायलंय," भागुबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पर ही जगली तर जगू द्या. ह्यांच्यापायी ती सोताहून उठायलीय."

कासाबाईने एकच विचारलं, "वारं लागलं तर?"

"मरतील," मी म्हणालो. "वारं अजिबात लागू देऊ नका. ओरडायला लागली तर गारठली समजा. गप्प असली की ऊब बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा डालं दिसलंच नाही. दिसली ती घोंगडी. धनगर लोक थंडीत कोकरं डाल्याखाली ठेवतात आणि वरून जमिनीपर्यंत घोंगडी ओढतात. कासाबाईने तसंच केलं होतं. वरून दुसरी घोंगडी घातली होती आणि कडेने शेणमाती लिंपली होती. एका बाजूला मात्र उंदराचं जुनं बीळ उघडं राहिलं होतं.

मी घोंगडी ओढली. कंदील विझला होता. त्यात तेल होतं. पाच पिल्लं माना लांब करून पडली होती. तीन बिळाच्या तोंडाशी होती. त्यांना उचलून बाहेर ठेवलं. बऱ्याच वेळाने ती हलली.

"कोकरं तर मरत न्हाईत अशी," कासाबाई म्हणाली.

"कोकरांपाशी कंदील नसतो," मी म्हणालो. ज्योत हवा खाते आणि विषारी हवा सोडते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. इथे सांगायचं राहिलं होतं.

तिने पाच पिल्लं घोंगडीवर एका ओळीत ठेवली. भागुबाईंनी डोळ्याला पदर लावला. कासाबाईचे डोळे कोरडेच होते. तिने कण्यांची वाटी उचलून उरलेल्या तिघांपुढे सरकवली.

मी डालं पुन्हा मांडून दिलं. घोंगडी फक्त एका बाजूला, वरची बाजू उघडी. ती तिन्ही जगली. उन्हाळ्यापर्यंत अंगणभर हिंडू लागली. मी गेलो की कासाबाई त्यांचं काही सांगायची नाही. मला पाणी द्यायची आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायची. मी दर वेळी हवेचं सांगायचो, ती ऐकून घ्यायची. बदली होऊन निघालो त्या दिवशीही तिने तोच विचारला.

"सायेब, मी तर डाल्याला पाठ लावून बसले व्हते. गप हायती म्हनून मला बरं वाटायलं व्हतं. ती वरडली का न्हाईत?"