चाळीसवरची टिकली

डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी गाडीची चावी धोतराच्या टोकाला पुसत होतो. चावीला ऑइल लागलं होतं. तरुण पोरगा, चष्मा लावलेला. "आजोबा, थोडं आधी आणायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला. माझी बायको वच्छला गेली, हे मला असं कळलं. 'गेली' हा शब्द त्यानं काढलाच नाही. काटोलहून माझी मुलगी मंदा पोचली, तिला मी डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती रडत म्हणाली, "बाबा, कालच काहून नाही नेलं?" पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या मागच्या कार्यक्रमाला, जे आले त्यांनीही तेच विचारलं. सगळ्यांच्या डोक्यात आदला दिवस. माझ्या डोक्यात मिनिटं आहेत. दोन महिने झाले, ती मिनिटं काही जाऊन नाही राहिली... म्हणून लिहायला बसलो.

माझं शिक्षण सातवी. सूतगिरणीत ऑइलमन होतो, म्हणजे मशीनला तेल पाजणारा. गिरणी बंद पडली, पण हाताला पान्याची सवय राहून गेली. घरी शंभर सीसीची जुनी मोटारसायकल. तिला मी कधी मिस्तरीच्या दुकानात टाकलं नाही. दुकानदार चांगला पार्ट काढून भंगारातला टाकतो असा माझा संशय होता, वच्छलाची तर खात्रीच होती. क्लच प्लेट, टायमिंगची चेन, ब्रेक लायनर, जे झिजेल ते अंगणात गोणपाट टाकून मीच बदलायचो. पहिल्या वेळी माझे चार नट हरवले. तेव्हापासून ती शेजारी जेवणाचं ताट घेऊन बसायला लागली. निघालेला नट ताटात, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं. त्या ताटात मग आम्ही कधी जेवलो नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण ताट पाहून कोणता बोल्ट कुठला, हे ती माझ्या आधी सांगायची.

पिस्टनचं काम मात्र दोन माणसांचं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल जाळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. नव्या रिंगा चढवल्यावर वरून सिलिंडर सरकवावा लागतो. एकानं सिलिंडर धरायचा, दुसऱ्यानं रिंगा बोटांनी दाबून आत घालायच्या. माझी बोटं जाड. ते काम तिचं. प्रत्येक रिंगेला एक फट असते, तिला आम्ही तोंड म्हणायचो. तिन्ही तोंडं एका रेषेत आली तर त्यातून दाब निसटतो, म्हणून ती तीन दिशांना फिरवायची. हे मी तिला एकदाच सांगितलं. ती म्हणाली, "समजलं. तीन जावा हायेत. एकीचं तोंड एकीकडे नको." त्यानंतर दर वेळी रिंगा बसवताना जावांचा उद्धार व्हायचा. मोठी जाऊ म्हणजे नेमकी ऑइलची रिंग, कारण तीच सगळ्यात चिकट.

नवा पिस्टन टाकला की पहिले पाचशे किलोमीटर गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, नाहीतर पिस्टन तापून फुगतो आणि जाम होतो. हेही मी तिला सांगितलं आणि मीच विसरलो. पहिल्यांदा पिस्टन बदलला तेव्हा आम्ही तिच्या माहेरी निघालो होतो, नरखेडला. उन्हाळा. भावाकडे जेवायला उशीर होतो म्हणून मी साठनं ताणली. कळमेश्वरच्या अलीकडे मागचं चाक एकदम थांबलं. पडलो नाही एवढंच. तिथून गाडी ढकलत कळमेश्वर गाठलं. ती नव्या लुगड्यात, मागून जोर लावत. सगळा रस्ता तिची टकळी चालू. "गिरणीच्या मशीनले तेल पाजणारा माणूस... अन् घरच्या गाडीचा जीव घेते." सावलीत थांबलो तेव्हा तिनं कपाळाची टिकली काढली आणि स्पीडच्या काचेवर बरोबर चाळिसाच्या आकड्यावर चिकटवली. म्हणाली, "काटा माह्या टिकलीच्या पुढं गेला तर मी चालत्या गाडीवरून उतरीन."

तेव्हापासून प्रत्येक पिस्टनला एक नवी टिकली. आणि खरं सांगतो, तिला ते पाचशे किलोमीटर फार आवडायचे. नरखेडला जाऊन येऊन पावणेदोनशे होतात, म्हणजे तीन फेऱ्या. चाळीसनं जायचं, इंजिन थंड करायला मध्ये मध्ये थांबायचं. फेटरीला चहा, पुढे कुठल्या तरी संत्र्याच्या बागेपाशी निंबाची सावली. ट्रक, एसटी, सगळे आम्हाला मागे टाकून जायचे. मी चिडायचो. ती म्हणायची, "जाऊ द्या गा त्यायले. त्यायच्या रिंगा जुन्या हायेत."

या हिवाळ्यात गाडीनं परत धूर सोडला. मी सिलिंडर लेथवर बोर करून, म्हणजे आतून घासून, आणला, नवा पिस्टन आणला. रिंगा दाबता दाबता वच्छला थांबली. डावा हात झटकला. "दंड भरून आला," म्हणाली. मी सिलिंडर दोन्ही हातांनी धरून बसलेला, तो सोडता येत नव्हता. म्हणालो, "म्हातारी झाली तू. लवकर कर वं, माहे हात दुखून राहिले." तिनं पाणी प्यायलं, परत बसली आणि तिन्ही रिंगा दाबून दिल्या. मी तिला दंडाचं पुन्हा विचारलं नाही. गिरणीत तीस वर्षं मी बेअरिंगचा आवाज ऐकून कोणती मशीन बिघडणार ते सांगायचो.

चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला ती भाजी निवडता निवडता भिंतीला टेकली. अंगाला दरदरून घाम. म्हणाली, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते. मी ओवा दिला. थोड्या वेळानं ती स्वतःच म्हणाली, दवाखान्यात चला. कोपऱ्यावर ऑटो उभे असतात. पण मी म्हणालो, "दारात गाडी असताना ऑटो काहून?" हे वाक्य माझं आहे, ते मला कोणावर ढकलता येत नाही.

दवाखाना नऊ किलोमीटर. ती मागे बसली, एक हात माझ्या कमरेला. कामठी रोडला मेट्रोच्या खांबांपाशी रस्ता मोकळा मिळाला आणि मी मूठ पिळली. काटा टिकलीच्या पुढे गेला, पन्नास झाले. कमरेत दोन बोटं रुतली. "चाळीस," ती म्हणाली.

"मरू दे ना वं त्या रिंगा."

"जाम झाली तर... मले आज ढकलणं होणार नाही."

आणि मी मूठ सोडली. काटा टिकलीवर आणला आणि तिथंच ठेवला. ऑटो पुढे गेले, स्कूटीवरच्या पोरी पुढे गेल्या. मी चाळीसनं चालवत राहिलो, कारण तिनं सांगितलं होतं, आणि कारण कळमेश्वरचं चाक मला आठवत होतं. दवाखान्याच्या फाटकापाशी ती उतरली ती माझ्या अंगावरच कोसळली. नंतर बोलली नाही.

हे मी मंदाला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं. ती आईची लुगडी घ्यायला आली होती. ऐकून ती घडी करता करता थांबली. मला वाटलं म्हणेल, बाबा, तुमची चूक नाही. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघंबी त्या गाडीचेच होते. मी लहानपणापासून पाहून राहिली." लुगडी पिशवीत भरली आणि बस पकडायला निघून गेली. मी थांबवलं नाही. खोटं काय बोलली ती?

संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईनं आदल्या दिवशी मले फोन केलता. म्हणे नवा पिस्टन टाकला, आता तीन फेऱ्या माहेराच्या. येताना तुयाकडे थांबतो."

मी विचारलं, "दंडाचं काही बोलली काय?"

"नाही. तुमाले बोलली होती?"

मी हो म्हणालो. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

त्यानंतर एक गोष्ट डोक्यात बसली. साठनं गेलो असतो तर किती मिनिटं वाचली असती? कागदावर साडेचार येतात. पण कागदावर सिग्नल नसतात, गर्दी नसते. म्हटलं, मोजूनच पाहू. दोन आली तर दोन, पाच आली तर पाच, जे असेल ते छातीवर घेऊन जगू. परवा सकाळी दहाला मनगटावर घड्याळ बांधलं आणि निघालो. तोच रस्ता, तीच वेळ. मेट्रोच्या खांबांपाशी रस्ता मोकळा मिळाला. मूठ पिळली. काटा वर चढला, टिकलीपाशी आला... आणि कमरेत काही रुतलं नाही. मागे कोणी नव्हतं, कोणी 'चाळीस' म्हणालं नाही. तरी हात पुढे पिळेना. दोनदा पिळून पाहिलं, तीनदा पिळून पाहिलं. मागून हॉर्न वाजले, एकजण शिवी देऊन गेला. मी चाळीसनंच दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि घड्याळ न पाहता परत फिरलो. त्या मिनिटांचा आकडा मला आता कधी कळणार नाही. डॉक्टरचं 'थोडं' म्हणजे किती, तेही नाही.

गाडी अंगणात उभी आहे. नव्या पिस्टनवर शंभर किलोमीटरसुद्धा झाले नाहीत, म्हणजे तीनही फेऱ्या शिल्लक आहेत. उन्हानं काच तापते आणि टिकलीचा डिंक एका बाजूनं सुटत चालला आहे. मी रोज सकाळी अंगठ्यानं ती दाबून बसवतो. अंगठ्याच्या ग्रीसनं तिचा लाल रंग काळा पडत आला. पण आहे चाळीसवरच.