पंच नेमला कंपनीने

आर्णीच्या बसस्टँडमागे दोन मोटारसायकली आडव्या आल्या आणि पुष्पा राठोडने करकचून ब्रेक दाबला. मालवाहू ऑटोत बाजारात न्यायची वांगी होती. एकाने हात घालून चावी काढली.

"उतरा बाई. गाडी जप्त."

"काहून? हप्ते तं भरले मी!"

त्याने मोबाइलवर इंग्रजी कागद दाखवला. फायनान्स कंपनीच्या लवादाचा हुकूम होता. वांग्यांची क्रेट रस्त्यावर उतरवून ते ऑटो घेऊन गेले.

पुष्पाचा नवरा भारत कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला. घर चालायचं ते पुष्पाच्या ऑटोवर. तिने चालवायला घेतला तेव्हा तांड्यावरचे लोक हसले होते. पुढे त्यांचाच माल ती वाहू लागली.

यवतमाळला वकील उज्ज्वला खोब्रागडे यांनी ऑटोच्या कर्जाचा करार वाचला. "ताई, यात लिहिलंय की वाद झाला तर कोर्ट नाही, पंच निवाडा करेल. पंच कंपनीच नेमणार, तोही चेन्नईत. त्याने निकालही देऊन टाकला."

"मले तं कोनी बोलावलंच नाही!"

रोख भरलेले हप्ते कंपनीने खात्यात चढवलेच नव्हते. पावत्या पुष्पाकडे होत्या. उज्ज्वलाताईंनी ग्राहक आयोगात तक्रार टाकली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कंपनीचा फोन आला. उद्या दुपारी लिलाव. तक्रार मागे घेतल्याची सही करा, गाडी घेऊन जा.

"करून टाक," भारत म्हणाला. "गाडी गेली तं खाशीन काय?"

पुष्पा पावत्या पिशवीत भरू लागली. "करारावरची पयली सही अशीच घाईत केलती. आता नाही करत."

आयोगात कंपनीचे वकील ठामपणे म्हणाले, "करारात लवाद आहे. हे प्रकरण इथे चालूच शकत नाही. शिवाय गाडी धंद्याची, या ग्राहक कशा?"

अध्यक्षांनी पुष्पाकडे पाहिलं. "गाडी कोण चालवतं?"

"मीच, साहेब. पोट हाय त्याच्यावर."

आदेश झाला: करारात लवाद असला तरी ग्राहकाला आयोगाची दारं बंद होत नाहीत, आणि पोटासाठी स्वतः गाडी चालवणारी बाई ग्राहकच. लिलावाला स्थगिती, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गाडी पुष्पाकडे.

पण बायपासवर जप्त गाड्या ठेवायच्या कंपनीच्या यार्डात कोणी फोन उचलेना. प्रत हातात पडताच पुष्पा आणि भारत बायपासकडे धावले. फाटकाआत बोली सुरू होती. रखवालदाराने अडवलं, तशी ती ओरडली, "आयोगाचा हुकूम हाय! माही गाडी इकली तं तुमाले जवाब द्या लागन!"

बोली थांबली. मॅनेजरने आदेश दोनदा वाचला आणि कुणाला तरी फोन लावला. पुष्पा ऑटोच्या दांडीला धरून उभी राहिली. तिने ती सोडली नाही.

शेवटी चावी मिळाली. बॅटरी उतरली होती. भारतने मागून धक्का दिला, तेव्हा कुठे इंजिन लागलं. मूळ तक्रार अजून चालू आहे.